स्त्री-पाळकत्व (ख्रिस्ती)

स्त्री-पाळकत्व : ख्रिस्ती उपासनेत स्त्रीने उपदेश करावा का, आणि तिला पाळक, धर्मगुरू किंवा बिशप म्हणून दीक्षा देता येते का, या दोन प्रश्नांसाठी मिळून वापरली जाणारी संज्ञा. चर्चेत हे प्रश्न एकात एक मिसळतात. इतिहासात मात्र ते वेगवेगळ्या वाटांनी आले आहेत. पहिला प्रश्न बोलण्याचा आहे, दुसरा संस्कार चालवण्याचा, म्हणजे प्रभुभोजनाच्या मेजामागे उभे राहण्याचा. नाशिक आणि अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) या पट्ट्यातील मराठी ख्रिस्ती समाजात स्त्रिया वचन सांगत फिरू लागल्या, तेव्हा त्यांना दीक्षा देण्याचा विषय कोणाच्या बैठकीतही आलेला नव्हता. हा क्रम ध्यानात घेतला नाही, तर ‘स्त्रियांनी उपदेश करणे ही अलीकडची टूम आहे’ असा गैरसमज होतो, आणि तो आजही बराच पसरलेला आहे.

शास्त्राधार व पाठाचा वाद : विरोधाची मुख्य भिस्त नव्या करारातील दोन उताऱ्यांवर आहे. करिंथकरांस पहिले पत्र १४:३४-३५ मध्ये स्त्रियांनी मंडळ्यांत (उपासनेसाठी जमलेल्या सभांत) गप्प राहावे, काही विचारायचे असल्यास घरी नवऱ्याला विचारावे, असे म्हटले आहे. तीमथ्याला पहिले पत्र २:११-१२ मध्ये स्त्रीने शिकवू नये व पुरुषावर अधिकार चालवू नये, असे आहे. अनुकूल बाजूचे आधार विखुरलेले, पण संख्येने अधिक आहेत. प्रिस्किल्ला व तिचा पती अक्विला अपुल्लोसाला मार्गाची नीट माहिती देतात (प्रेषितांची कृत्ये १८:२६). फिलिप्पाच्या चार मुली संदेश देतात (२१:९). किंख्रियाच्या मंडळीची सेविका फिबी हिची पौल शिफारस करतो (रोमकरांस १६:१). त्याच अध्यायातील युनिया ही स्त्री असून प्रेषितांत गणलेली होती, असे चौथ्या शतकाच्या उत्तरार्धातील योहान ख्रिसोस्तोम याने आपल्या प्रवचनात मानले आहे. पुढे मध्ययुगात व नंतरच्या काही छापील आवृत्त्यांत हे नाव पुरुषाचे म्हणून वाचले गेले. आजच्या बहुतेक अभ्यासकांचा कल ते स्त्रीचेच मानण्याकडे आहे.

करिंथच्या पत्रातील वचनांचा वाद अधिक गुंतागुंतीचा आहे. ज्ञात हस्तलिखितांत ही दोन्ही वचने आढळतात, पण सर्वत्र एकाच जागी नाहीत. इ. स. २०० च्या आसपासच्या मानल्या जाणाऱ्या पपायरस ४६ मध्ये आणि चौथ्या शतकातील मोठ्या कोडेक्सांत (पुस्तकरूपी हस्तलिखितांत) ती नेहमीच्या जागी आहेत. सहाव्या शतकातील क्लॅरोमाँटानस कोडेक्समध्ये आणि त्याच परंपरेतील नवव्या शतकातील आणखी दोन कोडेक्सांत मात्र ती अध्यायाच्या शेवटी, चाळिसाव्या वचनानंतर येतात. समासात लिहिलेली टीप नंतरच्या लेखनिकांनी पाठात घेतली, आणि कोणी इथे तर कोणी तिथे घातली, असा यावरून काही अभ्यासकांचा तर्क आहे. अमेरिकी भाष्यकार गॉर्डन फी यांनी तो विशेष आग्रहाने मांडला. इ. स. ५४७ च्या सुमाराच्या फुल्डा कोडेक्समधील समासलेख आणि व्हॅटिकन कोडेक्समधील बिंदूंच्या खुणाही पुराव्यादाखल पुढे केल्या जातात, पण त्या खुणा केव्हाच्या व कशासाठी यावर एकमत नाही. ही वचने नसलेले एकही हस्तलिखित हाती नसताना ती प्रक्षिप्त ठरवणे धाडसाचे आहे. त्याहून भक्कम युक्तिवाद पत्रातच सापडतो. अकराव्या अध्यायात (११:५) स्त्री प्रार्थना करते, संदेश देते, हे पौल गृहीत धरतो आणि फक्त मस्तक झाकण्याची सूचना देतो. जो लेखक तीन अध्याय आधी स्त्रीच्या बोलण्याची रीत सांगतो, त्याने चौदाव्यात तिचे सगळेच बोलणे बंद केले असेल, असे मानणे कठीण जाते. तेथील गप्प राहण्याचा रोख सभेतील प्रश्नोत्तरांच्या गोंधळाकडे असावा, हे मत म्हणून अधिक ग्राह्य वाटते.

तीमथ्याच्या पत्राबाबत हा मार्ग उपलब्ध नाही, कारण तेथे पाठभेद नाही. त्या पत्राचे कर्तृत्व पौलाचे की त्याच्या शिष्यपरंपरेतील पुढच्या पिढीचे, हा तेथला वाद आहे. समीक्षक अभ्यासक दुसऱ्या बाजूला झुकतात. परंपरानिष्ठ मंडळ्या पौलाचेच कर्तृत्व मानतात आणि ती आज्ञा सर्वकाळ लागू समजतात.

प्राचीन सेविका : बिथुनियाचा रोमन अधिकारी प्लिनी याने इ. स. ११२ च्या सुमारास सम्राट त्राजानला लिहिलेल्या पत्रात, ख्रिस्ती लोकांची माहिती काढण्यासाठी ‘सेविका’ म्हणवल्या जाणाऱ्या दोन दासींचा छळ केल्याचा उल्लेख आहे. पूर्वेकडील मंडळ्यांत सेविकापद पुढे नियमबद्ध झाले. चौथ्या शतकाच्या अखेरीस सिरियात संकलित झालेल्या ‘प्रेषितीय नियमावली’त बिशपने सेविकेवर हात ठेवून म्हणावयाची प्रार्थना दिली आहे. ४५१ च्या खाल्केदोन परिषदेने सेविकेच्या दीक्षेसाठी किमान वय ४० ठरवले. याउलट ३२५ च्या नायसिया परिषदेचा एकोणिसावा नियम एका विशिष्ट गटातील सेविकांना सामान्य जनांत मोजतो, आणि ४४१ मध्ये गॉलमधील ऑरेंजच्या परिषदेने सेविकांना दीक्षा देण्यास मनाई केली. मनाई करावी लागली, म्हणजे प्रथा होती, हे यातून निघतेच. सेविकेचे काम मुख्यतः स्त्रियांच्या बाप्तिस्म्यात साहाय्य करणे, आजारी स्त्रियांना भेटणे, शिकवणे असे होते. प्रौढांचे बाप्तिस्मे कमी झाले, तसे हे पद मागे पडले.

आधुनिक काळ : १८५३ मध्ये अँटोनेट ब्राउन यांना न्यूयॉर्क राज्यातील एका काँग्रिगेशनल (स्वतःचा कारभार स्वतः पाहणाऱ्या) मंडळीने दीक्षा दिली. १८५९ मध्ये कॅथरिन बूथ यांनी स्त्रियांच्या उपदेशाचे समर्थन करणारी पुस्तिका काढली, आणि त्यांनी पतीसह उभारलेल्या मुक्तिफौजेत (साल्व्हेशन आर्मीत) स्त्री-पुरुष अधिकाऱ्यांना समान दर्जा मिळाला. १८८२ च्या सप्टेंबरात मुक्तिफौजेची जी चौघांची पहिली तुकडी मुंबईत उतरली, तिच्यात एक स्त्री होती. अँग्लिकन (चर्च ऑफ इंग्लंडच्या) परंपरेत हाँगकाँगच्या बिशपांनी युद्धकाळात, १९४४ मध्ये, फ्लॉरेन्स ली टिम-ओई यांना दीक्षा दिली. इंग्लंडमध्ये पहिल्या स्त्री-धर्मगुरू १९९४ मध्ये आणि पहिल्या स्त्री-बिशप २०१५ मध्ये झाल्या. २०२५ च्या ऑक्टोबरात कँटरबरीच्या आर्चबिशपपदासाठी सारा मलाली यांचे नाव जाहीर झाले. अमेरिकी मेथडिस्टांनी १९५६ मध्ये स्त्रियांना पाळकपदाचे पूर्ण हक्क दिले. भारतात दक्षिण भारतीय मंडळीने (सीएसआय) १९७६ मध्ये एलिझाबेथ पॉल यांना दीक्षा दिली आणि २०१३ मध्ये पुष्पा ललिता यांना नंद्यालच्या बिशप केले.

पंडिता रमाबाईंचा प्रसंग : मराठी ख्रिस्ती इतिहासात हा प्रश्न पहिल्यांदा धारदारपणे उभा राहिला तो पंडिता रमाबाईंच्या (१८५८-१९२२) निमित्ताने, आणि तोही इंग्लंडमध्ये. १८८३ मध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतल्यावर त्या चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात शिकत व शिकवीत होत्या. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावे असा विचार पुढे येताच लाहोरचे बिशप फ्रेंच व मुंबईचे बिशप माइल्न यांनी हरकत घेतली. यामुळे स्वदेशात रमाबाईंच्या कार्याला बाध येईल, असे त्यांचे म्हणणे होते. १८८५ मधील पत्रव्यवहारात प्राचार्या डोरोथिया बील यांना रमाबाईंनी स्पष्ट कळवले की, आपल्या आईने व आपण तरुण पुरुषांना शिकवण्याला ना वडिलांनी आक्षेप घेतला ना पतीने. आणि तो इंग्रजांनी घ्यावा याचे आश्चर्य वाटते. ज्या बाईने सभा भरवून पुराण सांगितले, कलकत्त्याच्या पंडितांसमोर परीक्षा देऊन ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या मिळवल्या, तिला हिंदू समाजाच्या नावाने गप्प बसवले जात होते. मराठी मुलखातील स्त्रीच्या वाणीला ख्रिस्ती होताना एक पायरी खाली उतरावे लागले, ही नोंद या विषयावरच्या संदर्भग्रंथांत पुरेशा ठळकपणे येत नाही. ती यायला हवी. पुढे केडगावच्या मुक्ती सदनात रमाबाईंनी कोणाच्या परवानगीची वाट पाहिली नाही. १९०५ च्या संजीवनानंतर (धर्मजागृतीच्या लाटेनंतर) तेथील स्त्रियांच्या तुकड्या आसपासच्या गावांत वचन सांगत फिरल्या. रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. दीक्षा त्यांनी कधी मागितली नाही आणि त्यांना कोणी देऊही केली नाही.

नाशिक : चर्च मिशनरी सोसायटीचे काम नाशिकला १८३२ पासून सुरू झाले. १८५४ च्या सुमारास गावाबाहेर शरणपूर ही ख्रिस्ती वसाहत वसली. शाळा, अनाथालय व उद्योगशाळा तेथे होत्या. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुले येथेच शिकली. आफ्रिकेत फिरलेला मिशनरी व संशोधक लिव्हिंगस्टन याचा देह आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांपैकी जेकब वेनराइट व मॅथ्यू वेलिंग्टन हे याच शाळेचे. वसाहतीच्या इतिहासात अशी पुरुषांची नावे ठसठशीत उरली. स्त्रियांची फारशी उरली नाहीत.

नाशिकसारख्या क्षेत्राच्या गावी पुरुष उपदेशक बाजारात, घाटावर, यात्रेत उभा राहू शकत होता; पंचवटीतल्या वाड्याच्या माजघरात त्याला शिरकाव नव्हता. ते काम झनाना (घरातील स्त्रियांसाठीच्या) मिशनच्या बाया आणि त्यांच्याबरोबरच्या मराठी ‘बायबल बाई’ करीत. या बहुधा विधवा किंवा उपदेशकांच्या पत्नी असत. तुटपुंजा पगार, हातात शुभवर्तमानाची सुटी पुस्तिका, काखेत विणकामाची पिशवी. आधी अक्षरे व टाके शिकवायचे, मग गाणे, मग गोष्ट, आणि गोष्टीच्या ओघात बोध. हे सारे उपदेशाचेच काम होते, पण मिशनच्या अहवालांत ते ‘भेटी’ या सदराखाली मोजले जाई आणि बाईचे नाव पुष्कळदा गळून जाई. नगर भागात अमेरिकन मराठी मिशनने अशा बायांच्या शिक्षणाची वेगळी सोय केली होती.

दुसरी वाट कीर्तनाची. कृष्णराव सांगळे प्रभृतींनी नगरकडे ख्रिस्ती कीर्तन रूढ केले, आणि नारायण वामन टिळकांनी त्याला भजनांची समृद्ध जोड दिली. कीर्तन-भजनाला दीक्षेची अट नव्हती. गळा, पाठांतर व श्रद्धा एवढे पुरे होते. लक्ष्मीबाई टिळक (१८६८-१९३६) नाशिकजवळच्या जलालपूरच्या. त्यांचा अखेरचा काळ व मृत्यू नाशिकचाच. टिळकांनी अपुरे ठेवलेले ख्रिस्तचरित्रकाव्य त्यांनी पूर्ण केले. चर्चच्या कोणत्याही यादीत त्यांचे नाव पाळक म्हणून नाही, परंतु मराठी ख्रिस्ती माणसाला शास्त्र समजावणाऱ्यांत त्यांची जागा बहुतेक दीक्षित पुरुषांच्या वर आहे.

अँग्लिकन धर्मप्रांत म्हणून नाशिक १९२९ मध्ये स्वतंत्र झाला. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारतीय मंडळी (सीएनआय) झाली, तेव्हा अँग्लिकन शिस्त आणि नगरकडची काँग्रिगेशनल मोकळीक एका छपराखाली आली. उत्तर भारतीय मंडळीत आता स्त्रियांना डिकन (सेवक), प्रेसबिटर (पाळक) व बिशप या तिन्ही पदांची दीक्षा मान्य आहे. ओरिसातील फुलबनी धर्मप्रांताला व्हायोलेट नायक यांच्या रूपाने स्त्री-बिशपही लाभल्या. प्रत्यक्षात प्रेसबिटरांमध्ये स्त्रियांचे प्रमाण थोडेच आहे. अडचण नियमाची कमी आणि नेमणुकीची अधिक आहे: खेड्यातली बदली, पाळकगृह, रात्रीअपरात्री दफनविधीला जाणे, आणि ‘पाळक म्हणजे साहेब, त्यांची बाई महिला मंडळ सांभाळणार’ ही मंडळीची बसलेली सवय. हीच सवय धर्मशास्त्राचा आधार घेऊन बोलते, म्हणून ती हलवणे अवघड जाते.

नाशिकचा कॅथलिक धर्मप्रांत १९८७ मध्ये पुणे धर्मप्रांतातून वेगळा झाला. नाशिकसह नगर, धुळे, जळगाव व नंदुरबार हे जिल्हे त्यात येतात. कॅथलिक चर्चच्या कायद्यातील कलम १०२४ नुसार दीक्षा केवळ बाप्तिस्मा झालेल्या पुरुषालाच मिळते. चर्चला स्त्रियांना दीक्षा देण्याचा अधिकारच नाही, असे पोप दुसरे जॉन पॉल यांनी २२ मे १९९४ च्या पत्रात जाहीर केले. त्याआधी १९७६ मध्ये पोपनियुक्त बायबल आयोगाने केवळ नव्या करारावरून या प्रश्नाचा निकाल लागत नाही, असे मत दिले होते. ते निर्णायक मानले गेले नाही. उपदेशाबाबत कायदा थोडा सैल आहे: कलम ७६६ प्रमाणे अदीक्षितांना चर्चमध्ये बोलू देता येते, पण मिस्सेतील (प्रभुभोजनाच्या उपासनेतील) प्रवचन कलम ७६७ ने धर्मगुरू व डिकन यांच्यासाठीच राखले आहे. जानेवारी २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी वाचक व वेदीसेवक ही पदे स्त्रियांना अधिकृतपणे खुली केली. नाशिकरोडच्या बाळ येशू मंदिरात फेब्रुवारीतल्या यात्रेला येणाऱ्या भाविकांना वाचन, गायन, प्रार्थना यांत स्त्रिया सर्वत्र दिसतात. पाडे-वस्त्यांवर जेथे दर रविवारी फादर पोहोचत नाहीत, तेथे धर्मभगिनी व धर्मशिक्षिका लोकांना जमवून वचन वाचतात व समजावतात. मिस्सा मात्र फादर येईपर्यंत थांबते.

स्वतंत्र व पेंटेकोस्टल सहभागितांत (मंडळ्यांत) चित्र घरागणिक बदलते. घरच्या प्रार्थनेत सतरंजीवर बसून ‘उपासना संगीत’ हे गीतपुस्तक उघडले जाते, ढोलकी व टाळ चालू होतात, आणि बहुतेक वेळा वचन सांगायला एखादी बाईच उठते. पास्टरांच्या पत्नी अनेक ठिकाणी बरोबरीने संदेश देतात. ब्रदरेन सभांत स्त्रिया डोक्यावर पदर घेतात व सभेत बोलत नाहीत. या दोन्हींच्या मधल्या मंडळ्यांत एक तडजोड रूढ आहे: बाईने व्यासपीठावर न चढता खाली उभे राहून ‘साक्ष’ द्यायची. साक्षीला अर्धा तास लागतो, तिच्यात चार वचने व त्यांचा अर्थ येतो, लोक ‘आमेन’ म्हणतात. नंतर पाळक वर चढून उपदेश करतात.