‘आता खोललीच आहे तर…’: जीप रिस्टोअर करणं वेगळं, चालती ठेवणं वेगळं

नागपुरात जुन्या जीपचा विषय निघाला की दहा मिनिटांत कोणीतरी सांगतोच, "मी माझी रिस्टोअर केली." बघायला जावं तर गाडीला ताजा लष्करी हिरवा रंग, रुंद टायर, बोनेटवर पांढरा तारा. आणि खाली वाकून चेसिसला, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याला, हात लावला की बोटांना गंजाचा भुगा. ती गाडी रंगवलेली आहे, इतकंच. दुसरा कोणी सांगतो, "माझी फार धूर मारते, आता रिस्टोअर केल्याशिवाय इलाज नाही." तिला फक्त इंजिनचे नवे रिंग-पिस्टन हवे असतात. या घोळापायी धडधाकट चालत्या जीप खोलून ठेवलेल्या आणि नंतर वर्षानुवर्षं कडुनिंबाखाली तशाच पडलेल्या मी पाहिल्या आहेत, म्हणून हे लिहितो आहे.

गाडी चालती ठेवणं म्हणजे काय, हे जीपवाल्याला समजावायची गरज नाही. वेळेवर ऑइल, ग्रीस, क्रॉस (शाफ्टचे सांधे), ब्रेकची रबरं, कमानपाट्यांचे (स्प्रिंगच्या पट्ट्यांचे) बुश, मार्च लागायच्या आत रेडिएटर साफ. पेट्रोल जीप असेल तर मे महिन्यात पेट्रोलच्या नळीत वाफ अडकून गाडी भर चौकात बंद पडते, म्हणून नळी सायलेन्सरपासून लांब न्यायची. हे सगळं तुम्ही करताच.

रिस्टोरेशन म्हणजे गाडी कारखान्यातून जशी निघाली होती, तशी तिला परत करणं. दुरुस्ती करताना डोळ्यांपुढे येता हिवाळा असतो: पेंचला जायचंय, काटोलकडच्या संत्र्याच्या बागेत जायचंय. रिस्टोरेशन करताना डोळ्यांपुढे त्या गाडीचं जन्मसाल असतं. किती काम केलं आणि किती पैसा ओतला, यावरून दोन्हींतला फरक ठरत नाही. अख्खं इंजिन नवं बांधलं तरी ती दुरुस्तीच.

रस्त्यावर उभं राहून निर्णय घ्यायचा तर मी एकच प्रश्न विचारतो: हे काम करायला बॉडी चेसिसवरून उतरवावी लागेल का?

लागणार नसेल तर गाडी चालवा आणि कामं एकेक करून उरका. इंजिन बोनेट आणि रेडिएटर काढून वरून निघतं. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) खालून निघतात. फ्लोअरचा पत्रा सडला असेल तर तेवढा कापून नवा तुकडा बॉडी जागेवर असतानाच वेल्ड होतो. फक्त अमेरिकन विलिस किंवा महिंद्राच्या जुन्या सीजे-३बी जीपमध्ये पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते, ती आधी उतरवून लांब ठेवायची. घाई करणारे वेल्डर ओला कपडा टाकून काम उरकायला बघतात. अशा माणसाकडे गाडी ठेवू नका.

बॉडी उतरवावी लागणारच असेल, तर तो सगळाच मामला वेगळा. तेव्हा जागा, पैसा, वेळ आणि सुटे भाग हे चारही एकदम हाताशी लागतात. एक जरी कमी पडला तरी गाडी अर्धवट राहते.

बॉडी उतरवायला लावणारं खरं कारण एकच: चेसिस. रंग, सीट, कापडी हूड, वायरिंग, इंजिन यांतलं काहीही ते कारण होऊ शकत नाही. आणि चेसिस खराब आहे की नुसती गंजकी दिसते, इथेच भले भले फसतात.

वरचा गंज आणि आतून सडणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे हवा कोरडी, त्यामुळे कोकणातल्या गाडीसारखी नागपूरची गाडी नुसत्या हवेने गंज खात नाही. आपला शत्रू काळी माती. पावसाळ्यात शेताच्या रस्त्याने गेलेली जीप ही माती चेसिसमध्ये भरून आणते, आणि जिथे चेसिसची पट्टी चारही बाजूंनी बंद आहे किंवा दोन पत्रे एकावर एक बसलेत, तिथे ती अडकते. बाहेरून गाडी धुऊन लख्ख होते, आतला चिखल मात्र दिवाळीपर्यंत ओल धरून बसतो. माझ्या महिंद्रा एमएम ५४० जीपच्या मागच्या कमानीच्या हँगरजवळ (कमान चेसिसला जिथे अडकते तिथे) एकदा लोखंडी सळई घालून उकरलं, तर मुठीएवढा ढेकूळ निघाला. त्यात बाभळीचा काटा होता आणि तुरीच्या वाळक्या शेंगेचं टरफल. ढेकूळ फोडला तर आतून अजून दमट. तो निघाला त्या जागेचा पत्रा नखाने सोलता येत होता, आणि त्याच्यापासून वीतभर अंतरावरची पट्टी ठणठणीत होती.

म्हणून तपासणी डोळ्यांनी करायची नाही. लहान हातोडी घ्या आणि चेसिसच्या दोन्ही लांब पट्ट्या पुढून मागे दर चार बोटांवर ठोकत जा. चांगलं लोखंड टणकन वाजतं. सडलेलं बद्द वाजतं आणि खपल्या गळतात. बद्द वाजलं तिथे पेचकस जोर लावून दाबा. आत गेला तर तो पत्रा संपला. चार जागा अजिबात सोडू नका: मागच्या शॅकलचे (कमानीच्या हलत्या टोकाच्या कड्यांचे) हँगर, स्टेअरिंग बॉक्स बसतो तो भाग, बॉडीच्या रबरी पॅडखालची जागा आणि अगदी मागची आडवी पट्टी. स्टेअरिंग बॉक्सपाशी गंज नसला तरी तडा शोधा. आधी ग्रीस पुसून काढा, मगच केसाएवढी रेघ दिसते.

त्यानंतर टेप घ्या. पुढच्या डाव्या हँगरपासून मागच्या उजव्या हँगरपर्यंत माप घ्या, मग उलटं. दोन्ही कर्णांत ठळक फरक आला तर चेसिस वाकली आहे, आणि तो फरक पुट्टी आणि रंगाने झाकता येत नाही. मारुती जिप्सीत हेच दारं आधी सांगतात. बिजागऱ्या चांगल्या असूनही दार उचलून लावावं लागतं.

आता निकाल. एका-दोन जागी पत्रा गेलाय, मापं जुळतात, हँगर घट्ट आहेत? सडलेला भाग कापून तेवढ्याच जाडीचा पत्रा लावा, आत गंजरोधक मेण फवारा आणि गाडी चालवा. पट्टीत लांबवर जागोजागी पेचकस जातोय, किंवा चेसिस वाकली आहे? तर बॉडी उतरवा. तिसरी अवस्था नसते. मेकॅनिकने "थोडं रिस्टोरेशन करून घेऊ" म्हटलं तर त्याला विचारा, बॉडी उतरणार की नाही? उत्तर गुळमुळीत आलं तर गाडी घेऊन घरी या.

कारण इथेच ते वाक्य येतं. माझ्या बाबतीत ते असं आलं: "भाऊ, आता खोललीच आहे तर इंजिनपण पाहून घेऊ ना." गाडी फक्त मागच्या हँगरसाठी दिली होती. इंजिन खोललं. मग "आता इंजिन काढलंच आहे तर वायरिंग." मग "आता सगळं मोकळंच आहे तर बॉडी उतरवून रंग." प्रत्येक वाक्य ऐकायला बरोबर वाटत होतं आणि प्रत्येकाला मी हो म्हटलं. बॉडी घासून तिच्यावर साधा प्रायमर मारला आणि काम थांबलं, कारण वर्कशॉपला मोठं काम मिळालं. माझी जीप पत्र्याच्या शेडबाहेर दोन पावसाळे राहिली. साधा प्रायमर पाणी शोषतो, लोखंड झाकत नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवाळीला प्रायमरखाली सगळीकडे लाल ठिपके होते. नटबोल्ट एका पोत्यात होते, काचेच्या फ्रेमची एक पट्टी कायमची हरवली होती. जी गाडी स्वतःच्या चाकांवर आत गेली होती ती मला ट्रॉलीवर आणावी लागली. तिला पुन्हा रस्त्यावर आणायला पुढची तीन वर्षं गेली आणि हँगरच्या दुरुस्तीच्या कितीतरी पट पैसा. आजही त्या दोन पावसाळ्यांची आठवण आली की जीव तुटतो.

म्हणून गाडी देताना कामं कागदावर लिहून द्या आणि "आणखी काही निघालं तर फोन करा, खोलू नका" हे त्याच कागदावर लिहा.

कायद्याचा घोळही मोठा आहे, पण तो लवकर सुटतो. पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात, हे नागपूरला लागू नाही. दहा वर्षांच्या डिझेल आणि पंधरा वर्षांच्या पेट्रोल गाड्यांवर बंदी आली ती दिल्ली आणि आसपासच्या राजधानी क्षेत्रापुरती. इथे फिटनेस पास करून नोंदणी पाच-पाच वर्षांनी पुढे नेता येते. त्या अफवेपायी सोन्यासारख्या जिप्सी लोकांनी किलोच्या भावाने विकल्या.

दुसरी गोष्ट, व्हिंटेज नंबर. २०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेल्या, व्यवसायासाठी न वापरल्या जाणाऱ्या गाडीला व्हीए मालिकेचा नंबर मिळतो. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. पण चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल झालेला चालत नाही, आणि ती गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, देखभाल, एवढ्यासाठीच. म्हणजे रविवारी कुटुंबाला घेऊन पेंचच्या सिल्लारीला जायचं स्वप्न असेल, तर तो नंबर तुमच्यासाठी नाही. रिस्टोअर करायला घेण्याआधी हे ठरवून टाका.

आणि काहीही करा, चेसिस नंबरवर ग्राइंडर किंवा सँडब्लास्टिंग चालू देऊ नका. काम सुरू व्हायच्या आधी त्याची पेन्सिल प्रिंट (कागद ठेवून वरून पेन्सिल घासून उठवलेली प्रत) काढून घ्या, फोटो काढा आणि त्या जागेवर जाड टेप लावा. इंजिन बदलणार असाल तर आधी आरटीओची परवानगी आणि नंतर आरसीवर नोंद. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ हेच सांगतं, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्याच कलमावर बोट ठेवलं आहे.

गाडीनुसार माझं मत सांगतो. १९८५ मध्ये आलेल्या जिप्सीचा पत्रा पातळ आहे, तो गंज खाणारच. तिला वर्षातून एकदा तुकडे लावा आणि चालवा. ताडोबा-पेंचच्या वाटांनी ज्या वर्षानुवर्षं राबल्या, त्या अशाच राबल्या. एमएम ५४० लाही तेच. तिच्यातलं २११२ सीसीचं प्यूजो डिझेल नीट बांधलं तर पुन्हा बरीच वर्षं निमूट काम करतं. जोंगा, म्हणजे जबलपूरला लष्करासाठी बनलेली मोठी जीप, मात्र विचार करूनच घ्या. जबलपूर जवळ असल्याने लष्कराच्या लिलावातल्या जोंगा आपल्याकडे येतात. पण ३९५६ सीसीचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन रोज पोसणं सोपं नाही. तिच्यासाठी जागा आणि सवड असेल तर रिस्टोरेशन शोभतं.

आणि खरोखर दुसऱ्या महायुद्धातली विलिस एमबी किंवा फोर्ड जीपीडब्ल्यू हाती आली तर रंगाचा ब्रशही लावू नका. आधी ती खरी आहे का ते बघा. "४२ ची विलिस" म्हणून विकायला निघालेली बरीच जीप पुढे महिंद्राची निघते. रेडिएटरखालची चेसिसची आडवी पट्टी बघा: एमबीत ती गोल नळीची असते, फोर्डमध्ये उलट्या पन्हाळीसारखी. फोर्डच्या बोल्टांच्या डोक्यावर एफ अक्षर उठवलेलं असतं. सात फटींची जाळी दिसली तर ती नागरी सीजेच्या वंशातली, युद्धातल्या, पत्रा दाबून घडवलेल्या जाळीला नऊ फटी असतात. खरी निघाली तर तिच्यावरचा जुना रंग, सैनिकी आकड्यांचे पुसट थर, बोल्टांची डोकी हीच तिची किंमत आहे. तिथे फक्त गंज थांबवायचा आणि बाकी सगळं तसंच राहू द्यायचं. चकचकीत रंगवलेली खरी एमबी बघितली की मला फार वाईट वाटतं, कारण खरडून काढलेला थर परत आणता येत नाही.

एलईडी पट्ट्या, मोठे बंपर, उंच केलेली कमान हे मॉडिफिकेशन. हौस असेल तर करा, पण त्याला रिस्टोरेशन म्हणू नका.

तुमची जीप आधीच खोलून पडली असेल, तर नवीन काहीही विकत घेऊ नका. आधी ॲक्सल, चाकं, स्टेअरिंग आणि ब्रेक एवढंच जोडून ती ढकलता येईल अशी करा. मग छपराखाली घ्या. उघड्या पत्र्यावर साधा प्रायमर असेल तर तो घासून पाणी अडवणारा इपॉक्सी प्रायमर मारा, पण मृगाच्या आत. नटबोल्ट वेगवेगळ्या पिशव्यांत भरा आणि प्रत्येक पिशवीत कुठला बोल्ट कुठे जातो ती चिठ्ठी टाका. पेन्सिलने लिहा, शाई ऑइलने पसरते.