धर्मादाय दवाखान्यातली राखीव खाट: कुणाला मिळते, कागद कोणते, अर्ज कुणाकडे

‘इथं होणार नाही, संभाजीनगरला न्या’ असं डॉक्टरनं सांगितलं की घरात पहिली धावाधाव पैशाची होते. कुणी सोनं मोडतं, कुणी ऊसतोडीच्या मुकादमाकडं उचल वाढवून मागतं. नेतोय तो दवाखाना ट्रस्टचा, म्हणजे धर्मादाय, आहे का, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. ट्रस्टचा असेल आणि त्यानं सरकारी सवलती घेतलेल्या असतील, तर तिथल्या शंभरातल्या वीस खाटा गरिबांसाठी राखीव असतात. त्या दाखल होतानाच मागायच्या. बिल हातात पडल्यावर मागणाऱ्याला ‘आधी का नाही सांगितलं’ हेच ऐकावं लागतं.

आधार आहे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० मधलं कलम ४१ कक. त्यावरून मुंबई उच्च न्यायालयानं १७ ऑगस्ट २००६ च्या आदेशानं जी योजना मंजूर केली, तीच आजही चालते. १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना पूर्ण मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकातल्या रुग्णांना सवलतीच्या दरात. इतर रुग्णांच्या एकूण बिलातले २ टक्के दवाखान्यानं ‘निर्धन रुग्ण निधी’च्या वेगळ्या खात्यात टाकायचे आणि गरिबाचा खर्च त्यातून भागवायचा. म्हणजे ही काही मालकाची दया नाही. काउंटरवर विनवणीच्या सुरात बोलायचं कारण नाही.

कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर रुग्ण निर्धन धरला जातो. त्यापुढं ३ लाख ६० हजारांपर्यंत दुर्बल घटक. जात, धर्म, जिल्हा यांची अट नाही. बीडचा ऊसतोड मजूर पुण्याच्या धर्मादाय दवाखान्यातही ही खाट मागू शकतो. निर्धन रुग्णाकडून काहीच घ्यायचं नसतं. दुर्बल घटकातल्या रुग्णाला खाट, नर्सिंग, नेहमीच्या तपासण्या यांचे पैसे लागत नाहीत. औषधं, इम्प्लांट आणि इतर साहित्य दवाखान्याच्या खरेदी किमतीत लावायचं असतं आणि त्या बिलाचा किमान निम्मा भाग रुग्णानं भरायचा असतो. बाकीचे दर दवाखान्यातल्या सगळ्यात खालच्या वर्गाचे. म्हणून जनरल वॉर्डच मागा. स्पेशल रूम घेऊन सवलत मागितली की नकाराला आयतं कारण मिळतं.

कागद फार नाहीत. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड, आधार आणि डॉक्टरची चिठ्ठी व रिपोर्ट. रेशनकार्ड पांढरं असेल तर सगळी मदार दाखल्यावर येते.

अडतं तेही या दाखल्यापाशीच. तो आपले सरकार सेवा केंद्रातून काढायचा. ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, स्वयंघोषणापत्र आणि तलाठ्याचा अहवाल लागतो. जमीन असेल तर सातबारा आणि ८-अ. सेवा हक्क कायद्यानं मुदत १५ दिवसांची आहे, पण ऑपरेशन परवा असेल तर ती काय कामाची? जमिनीचं खातं भावाभावांत सामाईक असेल तर आपला हिस्सा किती ते तलाठ्याला आधीच सांगा, नाहीतर सगळ्या खात्याचं उत्पन्न आपल्याच नावावर दिसायचं. एक वर्षाचा दाखला साधारण ३१ मार्चपर्यंतच चालतो. दसऱ्यानंतर कारखान्यावर जाणाऱ्या जोडप्यांनी निघण्याआधी तो काढून प्रत सोबत ठेवावी. हंगामाच्या मध्येच अपघात झाला तर पश्चिम महाराष्ट्रातून परत येऊन तहसील गाठणं शक्य नसतं.

दवाखान्यात गेल्यावर बिलिंगच्या खिडकीशी वाद घालू नका. समाजसेवा अधीक्षक, म्हणजे लोक ज्यांना सोशल वर्कर म्हणतात, ते कुठं बसतात ते विचारा. कागद तपासून रुग्णाला योजनेत घेण्याचं काम त्यांचं. अर्ज साध्या कागदावर चालतो: ‘माझ्या कुटुंबाचं उत्पन्न अमुक आहे, दाखला जोडला आहे, निर्धन रुग्ण योजनेतून खाट मिळावी ही विनंती.’ तारीख, वेळ आणि सही टाका. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. शिक्का द्यायला कुणी तयार नसेल तर तोच अर्ज दवाखान्याच्या ईमेलवर किंवा व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवा, म्हणजे वेळेची नोंद राहते.

जीवावरचं दुखणं असेल तर कागदांची वाट पाहायची नसते. तातडीच्या रुग्णाला लगेच दाखल करून, डिपॉझिट न मागता, प्रकृती स्थिर होईपर्यंत उपचार देणं धर्मादाय दवाखान्यावर बंधनकारक आहे. दाखला मागाहून आणतो, असं लिहून द्या.

‘कोटा भरलाय’ हे उत्तर हमखास मिळतं. कधी ते खरंही असतं. पण धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर राखीव खाटांची माहिती असते. ती मोबाइलवर उघडून समोर धरा. तिथं जागा दिसत असेल तर लेखी नकार मागा. सहसा लेखी कुणी देत नाही, आणि पुष्कळदा तिथंच खाट निघते.

तरीही नाहीच मिळाली तर जिल्ह्याच्या ठिकाणी असलेल्या धर्मादाय उपआयुक्त किंवा सहायक आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार द्या. अर्जाची पोच, दाखला, बिलं आणि कुणी केव्हा काय सांगितलं याचा तपशील जोडा. वकील लागत नाही. लिहायला मदत हवी असेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना तिथं उत्पन्नाची अट न लावता मोफत मदत मिळते.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना, म्हणजे ठरावीक आजारांवर मोफत उपचारांची सरकारी योजना, वेगळी. तिची गल्लत करू नका. त्या योजनेत मराठवाड्यातल्या आठही जिल्ह्यांतल्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांना पूर्वीपासून जागा होती, म्हणून ‘पांढरं कार्ड चालतं’ अशी समजूत गावोगाव आहे. राखीव खाटेला कार्डाचा रंग नव्हे, उत्पन्न दाखवावं लागतं. मात्र आजार फुले योजनेच्या यादीत बसतो का आणि तो दवाखाना त्या योजनेत आहे का, हे आरोग्यमित्राला, म्हणजे त्या योजनेच्या दवाखान्यातल्या मदतनीसाला, आधी विचारा. तिथं बसत नसेल तर सोशल वर्करकडचा अर्ज.