गोवर, माकडं आणि उंदराचा घोळ

लेकराला गोवर निघाला की दाराला लिंबाचा डहाळा लावायचा, अन् अंगावरचं उतरलं तरी पुढं काही महिने त्याला जपायचं, हे आपल्याकडं बीड-परभणीकडं म्हाताऱ्या बायांना कुणी शिकवावं लागत नाही. त्या जपण्यामागचं कारण प्राण्यांत शोधायला मात्र लय वर्षं गेली. टीबीची स्किन टेस्ट आधी पॉझिटिव्ह असलेल्या लेकरांची गोवरात निगेटिव्ह येते, म्हणजे गोवरात शरीराची आधीची प्रतिकारशक्ती दबते, हे १९०८ लाच दिसलं, १९११ ला पेशंटचं रक्त टोचून माकडांना गोवर झाला, १९५४ ला व्हायरस लॅबमध्ये वाढला.

खरा घोळ १९९३ नंतरचा. साध्या उंदराला गोवर होत नाही. त्या साली सीडी-४६ हा रिसेप्टर सापडला, व्हायरसचा पेशीत शिरायचा दरवाजा म्हणा, मग माणसाचं ते जीन घालून उंदीर तयार झाले आणि सगळे खूश. पण सीडी-४६ तर माणसाच्या तांबड्या पेशी सोडल्या तर जवळपास सगळ्याच पेशींवर असतो, मग गोवर मुख्यतः इम्युन पेशींनाच, म्हणजे आजाराशी लढणाऱ्या पेशींनाच, का धरतो? तर हा दरवाजा मुख्यतः लसीच्या व्हायरसचा, म्हणजे लॅबमध्ये वाढवून वाढवून माणसाळलेल्या व्हायरसचा. पेशंटकडचा व्हायरस १९९० पासून मार्मोसेट माकडाच्या बी पेशींत (हा इम्युन पेशींचाच एक प्रकार) वाढवत होते, तो सीडी-४६ ला सहसा विचारतच नव्हता. त्याचा दरवाजा स्लॅम, तो २००० ला सापडला, आणि तो असतो इम्युन पेशींवर. त्यामुळं सीडी-४६ वाल्या उंदरांच्या त्या जुन्या पेपरांत 'गोवराचं मॉडेल', म्हणजे अभ्यासासाठी आजार उभा करायचा प्राणी, असं लिहिलेलं असलं तरी मी 'लसीच्या व्हायरसचं मॉडेल' असंच वाचतो. हां, एक गोष्ट त्या उंदरांमुळं कळली, नुसता दरवाजा बसवून भागत नाही, उंदराचं इंटरफेरॉन, म्हणजे व्हायरसला अडवणारं शरीरातलं प्रोटीन, व्हायरसला दाबून टाकतं, म्हणून पुढं स्लॅमवाल्या उंदरांतही ती यंत्रणा बंद करावी लागली.

अभ्यासाला वापरलेला दुसरा प्राणी कॉटन रॅट. कॉटन रॅट म्हणलं की आपल्याला कापसाच्या रानातला उंदीर वाटतो, पण तो अमेरिकेतला. त्याच्यात जीन न घालताही नाकातून दिलेला व्हायरस फुफ्फुसात वाढतो, एवढाच त्याचा फायदा.

शेवटी गाडी माकडांवरच आली. २००७ ला ज्या पेशीत शिरेल ती पेशी हिरवी चमकवणारा व्हायरस मॅकाक माकडांना दिला, तर चमकल्या त्या जास्त करून स्लॅमवाल्या बी, टी आणि डेंड्रिटिक पेशी, सगळ्या इम्युन पेशीच. २०१२ ला आणखी कळलं, जुन्या आजारांची आठवण ठेवणाऱ्या पेशी मरतात, पण गोवराशी लढणाऱ्या नव्या पेशी इतक्या झपाट्यानं वाढतात की रक्ताचा काउंट लवकरच नॉर्मल दिसतो, रिपोर्ट बघून कुणाला शंका यायची नाही. २०१९ ला लस न घेतलेल्या लेकरांत गोवर होऊन गेल्यावर मोजलं, तर आधीच्या अँटिबॉडीजपैकी ११ ते ७३ टक्के गायब.