खळ्यावरची गेम नाईट : आमच्याकडून गेम नेणाऱ्यांसाठी थोडी माहिती

कोजागिरी जवळ आली की आमच्याकडे फोन सुरू होतात, गच्चीवर बसणार आहोत, आठ-दहा जण आहोत, कोणते गेम देता म्हणून. गच्ची चांगलीच, पण तुमच्या ग्रुपमध्ये कोणाची शेती असेल तर आमचं ऐका आणि यावेळी शेतातल्या खळ्यावर बसा. सपाट, कडक, मोकळी जागा, सगळे गोल करून बसू शकतात आणि डोक्यावर पूर्ण चंद्र. कोजागिरीच्या रात्री जागरणासाठी सोंगट्या-फासे खेळायची पद्धत आपल्याकडे जुनीच आहे, त्यामुळे बोर्ड गेम या रात्रीला शोभतातच.

आधी शेतमालकाला विचारा, आणि नुसतं "येऊ का" नाही तर खळं कसं आहे तेही विचारा. सिमेंटचं पक्कं असेल तर प्रश्नच नाही. मातीचं असेल तर पावसाळ्यात त्यावर गवत येतं, ते काढून, चोपून, शेणाने सारवलंय का बघा, आणि सोयाबीन किंवा बाजरीची रास पडली असेल तर तो विषय तिथेच सोडा, त्यांचं वर्षाचं पीक आहे ते. सारवलेल्या खळ्यावर चपला घालून जायचं नाही, घरातल्या लहानांनाही आधीच सांगून ठेवा.

आता गेमचं. लोक नाव ऐकून गेम मागतात, पण बाहेर बसायचं असेल तर तीन गोष्टी बघून गेम निवडायचा : वारा, दव आणि उजेड.

संध्याकाळी वारा असतो. कोडनेम्समध्ये 25 कार्डं 5 बाय 5 मांडावी लागतात, एक झुळूक आली की अख्खा डाव उडाला. त्यामुळे सुरुवातीला जड सोंगट्यांचे गेम काढा. हाइव्ह आमच्या सगळ्यात आवडीचा, त्याला बोर्डच नाही, जाड षटकोनी सोंगट्या एकमेकींना चिकटवून मांडायच्या, वाऱ्याने जागच्या हलत नाहीत. पण तो दोघांचाच खेळ आहे, म्हणून ग्रुप मोठा असेल तर दोन-तीन सेट न्या. क्वर्कलचे 108 लाकडी ठोकळे चौघांना पुरतात. कॅरम मात्र नेऊ नका, ओल लागली की प्लायवूड फुगतं, पावडर चिकट होते आणि सोंगटी सरकतच नाही.

वारा पडला आणि आकाश निरभ्र असलं की दव सुरू होतं, साधारण रात्री 10 च्या पुढे. हे लोकांच्या लक्षात येत नाही कारण पाऊस पडल्यासारखं दिसत नाही, पण बोर्डावरून बोट फिरवलं की ओलं लागतं आणि मग पुठ्ठ्याची टाईल कडेने सुटायला लागते. उघड्या आकाशाखाली वस्तू लवकर गार होतात म्हणून दव धरतात, वर काही आडोसा असेल तर बरंच कमी. म्हणून खळ्याच्या कडेला आंब्याचं किंवा बाभळीचं झाड असेल तर कार्डांचे आणि पुठ्ठ्याचे गेम त्याच्याखाली हलवा, नाहीतर चार बांबूंवर ताडपत्री बांधा. खाली आधी ताडपत्री, वर सतरंजी, नुसती सतरंजी खालून ओल ओढते. कॅटान, कार्कसोन असे पुठ्ठ्याचे गेम न्यायचे असतील तर या आडोशाची सोय आहे का एवढं आम्ही विचारणारच, कृपया राग मानू नका.

उजेडाचं म्हणाल तर टिपूर चांदण्यात माणसं दिसतात, रंग ओळखता येत नाहीत. लाल सोंगटी काळी वाटते. चार्जिंगचा दिवा हवाच, आणि पिवळसर उजेडाचा घ्या, पांढऱ्या दिव्यावर किडे जास्त येतात. दुसरा एक पांढरा दिवा पंधरा-वीस पावलं लांब ठेवून दिला की बरेच किडे तिकडे जातात. पिवळ्या उजेडात कॅटानचा लाल आणि नारिंगी सारखाच दिसतो, तेव्हा त्यातला एक रंग वापरूच नका. आणि पाण्याच्या मोटारीच्या पेटीतून वायर ओढून बल्ब अजिबात लावायचा नाही, ओल्या जमिनीवर अनवाणी बसलेली माणसं असतात.

काही नेलं नाही तरी एक खेळ जमतो. जुन्नरजवळ नाणेघाटात कातळात कोरलेले पट आजही बघायला मिळतात, त्यात मंकळ्याचे, म्हणजे खळग्यांत एकेक बी टाकत खेळायच्या खेळाचे, खड्डेसुद्धा आहेत. घाटाच्या वाटेवर बसून माणसं कातळावर खेळायची आणि वाऱ्यात उडण्यासारखं त्यात काहीच नसायचं. तुम्ही अंड्यांचा ट्रे घ्या, त्यातल्या 6-6 खळग्यांच्या दोन रांगा धरा, प्रत्येकात 4 चिंचोके, म्हणजे 48. एका खळग्यातले उचलायचे आणि पुढे एकेक टाकत जायचं, जास्त चिंचोके जिंकेल तो पुढे. नियमांचा कागद आम्ही फुकट देतो. खळ्यात खड्डे मात्र उकरू नका. आणि हे वाचून रात्री लेण्यात किंवा किल्ल्यावर खेळायचा बेत करू नका, संरक्षित स्मारकं सूर्यास्ताला बंद होतात.

सापाचं गांभीर्याने घ्या. पावसाळा संपता संपता घोणस, मण्यार शेतात असतात आणि रात्रीच फिरतात. सोंगटी गवतात गेली तर हात घालायचा नाही, टॉर्च मारून काठीने बघायचं, नाही सापडली तर राहू दे, हरवलेली सोंगटी आम्ही बदलून देतो. काही चावल्यासारखं वाटलं तर वाट न बघता 108 ला फोन करा, आणि सगळ्यात जवळचं सरकारी रुग्णालय कुठे आहे हे शेतमालकाला आधीच विचारून ठेवा. जुन्नर, आंबेगाव, शिरूर भागात ऊस लागूनच असेल तर ती जागा घेऊच नका, तिथे बिबट्याचा वावर आहे. शेकोटी करणार असाल तर कडब्याच्या गंजीपासून लांब. स्पीकर 10 नंतर बंद, तो कायदाच आहे.

मसाला दूध सतरंजीवर आणू नका. चंद्राला नैवेद्य दाखवायची वेळ झाली की सरळ डाव थांबवा, सगळे उठून दूध प्या, हात धुवा, पुसा, मग पुन्हा बसा. साखरेचा हात लागलेली कार्डं एकमेकांना अशी चिकटतात की सोडवताना वरचा थर निघून येतो.

परत करताना एकच मागणी आहे. ओलं झालेलं काहीही डब्यात बंद करू नका, दोन दिवसांत बुरशी धरते. सकाळी सावलीत पेपरवर पसरून वाळवा, कडक उन्हात पुठ्ठा वाकतो, आणि नीट वाळलं नसेल तर तसंच मोकळं पिशवीत घालून आणा आणि सांगा, पुढचं आम्ही बघतो, ओल आली म्हणून डिपॉझिट कापत नाही. खळं किती लांब-रुंद आहे आणि किती जण येणार एवढं बुकिंगच्या वेळी कळवलंत तर गेम आम्ही त्या हिशोबाने काढून ठेवू.