कॉमिक कॉनच्या तारखा आणि सोलापूरचा शिंपी

हैदराबाद, दिल्ली, बंगळूर, चेन्नई, पुणे, मुंबई. दिवाळीच्या आसपासपासून एप्रिलपर्यंत कॉमिक कॉनचा, म्हणजे चित्रकथांच्या चाहत्यांच्या मेळाव्याचा, फेरा या शहरांतून फिरतो. सोलापुरात तो थांबत नाही. पण रेल्वेचा नकाशा समोर ठेवला, तर या फेऱ्यातल्या जितक्या शहरांना एका रात्रीत गाठता येतं, तितकी महाराष्ट्रातल्या फार थोड्या गावांच्या वाट्याला आली आहेत. रेल्वेने पुणे २६३ किलोमीटर, मुंबई ४५५, हैदराबाद साधारण तीनशे आणि बंगळूरची गाडीही इथूनच जाते. अडचण अंतराची नाही, तारखांची आहे. कुठली तारीख कुठून आली हे समजलं की वर्षाची आखणी सोपी जाते, म्हणून हा मागोवा.

पहिलं चाहता-संमेलन कोणतं, यावर अजून वाद आहे. ऑक्टोबर १९३६ मध्ये न्यूयॉर्कचे काही विज्ञानकथाप्रेमी फिलाडेल्फियाच्या मंडळींना भेटायला गेले आणि त्या भेटीलाच त्यांनी संमेलन म्हटलं. ३ जानेवारी १९३७ रोजी इंग्लंडमधल्या लीड्स शहरात थिऑसॉफिकल सोसायटीच्या सभागृहात आधी जाहीर करून मेळावा भरला. हजेरी जेमतेम दोन आकडी होती, पण त्यात तरुण आर्थर सी. क्लार्क होते. पुढच्या साऱ्या इतिहासाला वळण दिलं ते १९३९ च्या न्यूयॉर्क संमेलनाने. २ ते ४ जुलै असे तीन दिवस, सुमारे २०० माणसं. त्या वर्षी शहरात जागतिक प्रदर्शन भरलं होतं, त्यावरूनच ‘वर्ल्डकॉन’ या नावातलं ‘वर्ल्ड’ आलं. आणि ४ जुलै हा अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन. म्हणजे पहिल्याच वर्षी तारीख सुट्टीला बांधली गेली. युद्धामुळे १९४२ ते १९४५ खंड पडला. पुढे अनेक दशकं वर्ल्डकॉन सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारला, अमेरिकी कामगार दिनाला जोडून भरत राहिलं, कारण त्या दिवसांत दूरवर राहणाऱ्या नोकरदाराला रजा न टाकता येता-जाता येतं.

वर्ल्डकॉन दरवर्षी नव्या शहरात भरतं. यजमान शहरं आमंत्रणं मांडतात आणि सभासद दोन वर्षं आधी मतदान करून जागा ठरवतात. मराठी वाचकाला ही रीत ओळखीची वाटेल. १८७८ साली पुण्यात न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने ग्रंथकार संमेलन भरलं. त्यातून उभं राहिलेलं साहित्य संमेलन असंच निमंत्रणावर गावोगाव जातं. सोलापूरने ते १९४१ मध्ये वि. स. खांडेकरांच्या अध्यक्षतेखाली अनुभवलं आणि २००६ मध्ये मारुती चितमपल्लींच्या. चितमपल्ली तर सोलापूरचेच. मांडव, निवास, जेवणावळी, पुस्तकांचे गाळे हे सगळं पेलण्याची सवय या शहराला आहे, हे आवर्जून सांगायला हवं.

वेशभूषेची परंपराही १९३९ चीच. फॉरेस्ट अ‍ॅकरमन आणि मर्टल डग्लस हे दोघे चाहते भविष्यकाळातले वाटतील असे झगे घालून आले होते. दोन्ही पोशाख डग्लसबाईंनी स्वतः बेतून शिवले होते. संदर्भ अ‍ॅकरमनचाच पुढे येतो. शिवणाऱ्या हाताचं नाव मागे पडतं, ते पडू नये. पुढच्याच वर्षी शिकागोत वेशभूषा स्पर्धा झाली आणि ती प्रथा टिकली.

कॉमिक्सवाल्यांनी वेगळी चूल मांडली ती १९६४ मध्ये, न्यूयॉर्कमध्ये, एका दिवसाच्या छोट्या मेळाव्याने. सॅन डिएगोची सुरुवात २१ मार्च १९७० ची. एका हॉटेलात दिवसभराचा कार्यक्रम, शंभर-दीडशे माणसं, आणि हेतू एवढाच की ऑगस्टच्या तीन दिवसांच्या संमेलनाला पैसे उभे राहावेत. ऑगस्टमध्ये ३०० जण आले. आज तिथे सव्वा लाखाहून अधिक लोक येतात. १९७२ च्या जानेवारीत न्यूयॉर्कला ‘स्टार ट्रेक’ मालिकेच्या चाहत्यांचा मेळावा झाला, तेव्हा काहीशे माणसांचा अंदाज होता आणि प्रत्यक्षात तीन हजारांवर लोटली. गर्दीचा अंदाज चुकण्याचा हा धडा आयोजक आजही नव्याने गिरवतात.

तारखांच्या दृष्टीने सर्वांत शिकण्यासारखं उदाहरण टोकियोच्या कॉमिकेटचं. २१ डिसेंबर १९७५ रोजी ३२ गट आणि सुमारे ७०० वाचक, एवढ्यावर ते सुरू झालं. इथे मोठे प्रकाशक मुख्य नव्हेत, तर स्वतःच्या खर्चाने छापलेली पुस्तकं स्वतः विकणारे हौशी लोक मुख्य. वर्षातून दोनदा, ऑगस्टमध्ये आणि डिसेंबरअखेरीस. ऑगस्टचे दिवस ओबोन या सणाच्या आसपासचे, म्हणजे आपल्याकडे गणपतीला गावी जावं तसे घरी जाण्याचे. डिसेंबरचे वर्षअखेरच्या सुट्टीचे. १९९६ पासून ते टोकियो बिग साइट या प्रदर्शन केंद्रात भरतं आणि त्या एका इमारतीवर सारं अवलंबून राहतं. २०२० मध्ये ऑलिंपिकसाठी इमारत राखून ठेवली होती, म्हणून उन्हाळी सत्र मे महिन्यात ओढलं गेलं आणि शेवटी साथीमुळे रद्दच झालं. ‘कॉस्प्ले’, म्हणजे आवडत्या पात्राची वेशभूषा करणं, हा शब्दही जपानचाच. नोबुयुकी ताकाहाशी यांनी तो १९८३ मध्ये अ‍ॅनिमेला, म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशनला वाहिलेल्या एका मासिकातल्या लेखात वापरला आणि जगभर रुळवला.

भारतात वाचक आधी तयार झाले, मेळावे फार उशिरा आले. ‘चांदोबा’ १९५२ पासून मराठीत होता, इंद्रजाल कॉमिक्स १९६४ मध्ये आणि अमर चित्र कथा १९६७ मध्ये सुरू झालं. विज्ञानकथेचा वाचक मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धांनी घडवला. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये याच स्पर्धेला टोपणनावाने कथा पाठवली होती. पण या वाचकांना एकत्र भेटण्याची जागा नव्हती. फेब्रुवारी २०११ मध्ये जतिन वर्मा यांनी दिल्ली हाटमध्ये पहिलं कॉमिक कॉन भरवलं. २०१२ मध्ये मुंबई आणि बंगळूर, त्यानंतर हैदराबाद आणि मग पुणे. २०१४ मध्ये न्यूयॉर्कचं कॉमिक कॉन चालवणारी रीडपॉप कंपनी भागीदार झाली. कोविडमुळे दोन वर्षं काहीच झालं नाही. २०२२ च्या नोव्हेंबरात बंगळूर, डिसेंबरात दिल्ली अशी पुन्हा सुरुवात झाली. २०२४ च्या आरंभी नॉडविन गेमिंगने कॉमिक कॉन भरवणारी भारतातली कंपनी विकत घेतली, त्याच वर्षी चेन्नईची भर पडली, आणि मांडवात गेमिंगचा वाटा ठळकपणे वाढला.

इथे एक मोठा फरक आहे. वर्ल्डकॉन आणि कॉमिकेट हौशी स्वयंसेवक चालवतात. आपल्याकडचा फेरा एकच कंपनी शहरोशहरी नेते. त्यामुळे तारखा सुट्टीवरून कमी आणि प्रदर्शन केंद्राच्या उपलब्धतेवरून जास्त ठरतात. पावसाळ्यात माल भिजतो, लोक बाहेर पडत नाहीत. उन्हाळ्यात वेशभूषा अंगावर ठेववत नाही. उरतो हिवाळा, आणि त्याच महिन्यांत व्यापारी प्रदर्शनं आणि लग्नंही तेच हॉल मागतात. म्हणून तारखा सरकतात. मुंबईचं कॉन पूर्वी डिसेंबरात गोरेगावला होई, २०२४ आणि २०२५ मध्ये ते एप्रिलमध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात झालं. हैदराबाद २०२३ मध्ये जानेवारीत होतं, २०२४ मध्ये नोव्हेंबरात. मागच्या वर्षीची तारीख पाहून आखणी केली तर ती हमखास फसते. जाहीर झालेली तारीखच खरी धरावी.

आता हेच सोलापूरच्या पंचांगावर ठेवून पाहू. जानेवारीच्या मध्याला सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा, संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा, नंदीध्वज आणि पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी. त्या आठवड्यात घरातून कोणी हलत नाही आणि हलूही नये. लगेच पुढच्या शनिवार-रविवारी बंगळूर आलं, तर पोशाख डिसेंबरातच पूर्ण असायला हवा. फेब्रुवारी-मार्चमध्ये बारावी-दहावीच्या परीक्षा. आणि सर्वांत कमी लक्षात घेतली जाणारी गोष्ट म्हणजे गणवेशाचा हंगाम. शाळा जूनच्या मध्याला सुरू होतात, त्यामुळे मार्चपासून इथल्या गणवेश शिवणाऱ्या कारखान्यांत आणि शिंप्यांकडे श्वास घ्यायला उसंत नसते. एप्रिलच्या मुंबईसाठी कापड मार्चअखेर दिलं, तर ते गठ्ठ्याच्या तळाशी जातं. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात माप दिलेलं बरं.

आणि हेच सोलापूरचं बळही आहे. अ‍ॅनिमेतल्या अर्ध्याअधिक पात्रांचे कपडे म्हणजे ब्लेझर, चुण्यांचे स्कर्ट, उभ्या कॉलरचे कोट, पायपिंग आणि बिल्ले. थोडक्यात, गणवेश. इतर शहरांत ज्या कामासाठी माणूस शोधत फिरावं लागतं, ते इथल्या शिंप्याच्या हातातलं रोजचं काम आहे.

कापडाचा हिशेब ५८ इंच पन्ह्याचा धरू. चुण्यांच्या स्कर्टला कंबरेच्या तिप्पट कापड लागतं. २८ इंच कंबर आणि १८ इंच लांबी असेल, तर दोन पट्ट्या जोडून सव्वा मीटरमध्ये भागतं. ब्लेझरला २ मीटर, घोट्यापर्यंतच्या कोटाला साडेतीन, ४८ इंच लांबीच्या अर्धगोल केपला ३ मीटर. अस्तर वेगळं. टेरीकॉट चुणी धरून ठेवतं आणि प्रवासात चुरगळत नाही. सुती कापड आधी पाण्यातून काढलंच पाहिजे, नाहीतर पहिल्याच धुण्यात बाही आखडते. शिंप्याला मोबाइलवर एक चित्र दाखवणं ही सर्वांत जास्त होणारी चूक. चित्रात फक्त समोरची बाजू असते, म्हणून पाठ साध्या शर्टाची शिवली जाते. समोरून, मागून, बाजूने अशी तीन चित्रं कागदावर छापून त्यावर इंचात मापं लिहून द्यावीत, आणि अवघड कोट असेल तर आधी मांजरपाटाचा नमुना शिवून अंगावर घालून पाहावा. आणखी एक लक्षात ठेवायचं: बऱ्याच स्पर्धांत स्वतः केलेल्या कामाला गुण असतात. कपडे शिंप्याने शिवले असतील तर तसं सांगावं आणि चिलखत, शस्त्र, रंगकाम आपण केल्याचे टप्प्याटप्प्याचे फोटो सोबत ठेवावेत.

चिलखतासाठी ईव्हीए फोम, म्हणजे चपलांच्या तळव्याला वापरतात तोच पदार्थ. छाती आणि खांद्याला ६ मिलिमीटर, नक्षीला २, तलवारीच्या पात्याला १० मिलिमीटर. सांधा जोडताना चिकटद्रव दोन्ही कडांना लावून बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबायचं, मग दाबायचं. हिवाळ्यात याला दहा मिनिटं लागतात. सोलापूरच्या एप्रिलमध्ये तो काही मिनिटांतच वरून सुकतो. अशा वेळी थांबत बसलं तर सांधा वरवर धरतो आणि प्रवासात उघडतो. म्हणून उन्हाळ्यात एका वेळी वीतभरच कड घ्यावी आणि काम सकाळी करावं. रंगाआधी फोमवरून हीट गन फिरवून छिद्रं बंद करावीत, नाहीतर रंग शोषला जातो. पातळ केलेल्या फेविकॉलचे तीन-चार थर सपाट भागावर छान बसतात, पण कोपर-गुडघ्याच्या वाकणाऱ्या भागावर त्यांना तडे जातात. तयार चिलखत उन्हात उभ्या गाडीत ठेवलं तर तासाभरात आकार सोडतं.

धातू, धार किंवा खरं शस्त्र प्रवेशद्वारावर अडवलं जातं. लांब शस्त्र तीन तुकड्यांत करून आत पीव्हीसी पाइप आणि जोडायला कपलर घातला की ते बॅगेत मावतं. बंदुकीची प्रतिकृती फलाटावर उघडी नेऊ नये. ती सुटी करून, कापडात गुंडाळून बंद पेटीत न्यावी.

रेल्वेचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं. कॉनची तारीख कळताच साठ दिवस मागे मोजून तो दिवस वहीत टिपून ठेवावा. मुंबईसाठी सिद्धेश्वर एक्स्प्रेस सर्वांत सोयीची: रात्री निघून सकाळी पोचते, आणि परतीचीही रात्री उशिरा असल्याने रविवारचा शेवटचा कार्यक्रमही पाहता येतो. वंदे भारत पहाटे निघते पण दुपारी पोचते, पहिला अर्धा दिवस हातचा जातो. पुण्याला हुतात्मा एक्स्प्रेसने एका दिवसात जाऊन येता येतं, मात्र परतीची गाडी संध्याकाळीच असल्याने स्पर्धेचा निकाल चुकतो. हैदराबादला हायटेक्स या प्रदर्शन केंद्राला जायचं तर शेवटच्या स्थानकापर्यंत न जाता लिंगमपल्लीला उतरावं.

चित्रकार म्हणून टेबल घ्यायचं असेल, तर ए-३ आकाराची चित्रं ३०० जीएसएमच्या, म्हणजे जाड कागदावर छापावीत.  वीस वेगवेगळी चित्रं प्रत्येकी पन्नास छापण्यापेक्षा आठ चित्रं प्रत्येकी वीस बरी, कारण उरलेला गठ्ठा परत वाहून आणावा लागतो. गर्दीत मोबाइलचं नेटवर्क बसतं आणि यूपीआय अडतं, म्हणून दहा, वीस आणि पन्नासच्या सुट्ट्या नोटा जवळ ठेवाव्यात. विकत घेणाऱ्यांनीही घरून पुठ्ठ्याची नळी न्यावी. चाटी गल्लीत कापडाचे तागे ज्यावर गुंडाळलेले असतात, तसल्या रिकाम्या नळीचा फूट-दीड फुटाचा तुकडा पुरतो.