आपत्कालीन अनुदानातील लबाडी व त्रुटी (ठाणे–नवी मुंबई)

पूर, साथ किंवा टाळेबंदीत सरकार घाईने जी आर्थिक मदत वाटते, तिच्यात खोटे दावे आणि दुबार लाभ शिरतात, तशी हक्काची नावेही गळतात. बातमी बहुधा खोट्या दाव्यांची होते.

आपत्ती निधीच्या निकषांनुसार पाणी शिरलेल्या घराला कपडे-भांड्यांची मदत मिळायची, तर ते दोन दिवसांहून अधिक काळ पाण्याखाली असावे लागते. ठाण्याच्या खाडीकाठाला हा निकष लावणे अवघडच. दिवा-कळव्याच्या सखल चाळींत भरतीला चढलेले पाणी ओहोटीबरोबर काही तासांत उतरते. गाद्या, पिठाचा डबा, मुलांची दप्तरे तेवढ्यात कामातून जातात. पंचनाम्यात खरे तास लिहिले तर कुटुंब बाद, ‘दोन दिवस’ लिहिले तर कागद खोटा. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम ५२ नुसार जाणूनबुजून खोटा दावा करून मदत घेणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

कोविडने दगावलेल्यांच्या वारसांना दिलेल्या ५०,००० रुपयांच्या मदतीबाबत अट सैल ठेवली गेली. चाचणीचा अहवाल नसला तरी डॉक्टरांचा दाखला चाले. मग बनावट दाखल्यांचा संशय आला आणि मार्च २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रासह चार राज्यांतील ५ टक्के दावे तपासण्यास परवानगी दिली.

२०२१ च्या निर्बंधांत राज्याने रिक्षा परवानाधारकांना १,५०० रुपये जाहीर केले. स्टँडवर मात्र बॅज (चालकाचा बिल्ला) लावून शिफ्टने दुसऱ्याची रिक्षा हाकणारेही असतात. रोजची कमाई बुडाली त्यांची, परवाना शेठच्या नावावर. यात लबाडी कुणाचीच नाही, यादीच परवान्यावरून झाली.

बाकीची गळती कारकुनी: अर्ज भलत्या कार्यालयात जातो किंवा पैसे खात्यात पोहोचत नाहीत. खारघर-कामोठ्याचे लोक पत्ता ‘नवी मुंबई’ लिहितात, पण तालुका पनवेल आणि जिल्हा रायगड. वाशी-नेरूळ ठाणे जिल्ह्यात. मृत्यूची नोंद राहत्या ठिकाणी होत नाही, मृत्यू जिथे झाला तिथे होते. दिव्याचा माणूस मुंबईच्या रुग्णालयात वारला तर दाखला मुंबई महापालिकेचा. बँकेच्या आयएफएससी कोडमध्ये पाचवी खूण नेहमी शून्य असते. हाताने भरलेल्या अर्जात तिथे सर्रास ‘ओ’ पडतो. २०२० मध्ये सरकारी बँकांचे विलीनीकरण झाल्यावर अनेक शाखांचे कोडही बदलले, पासबुके जुनीच राहिली.