पुन्हा थंड केल्याने बिअर बिघडते का?

थंड बिअर एकदा कोमट झाली आणि पुन्हा फ्रिजमध्ये ठेवली की तिची चव जाते, हा समज जुना असला तरी चुकीचा आहे. हिरव्या किंवा पारदर्शक बाटलीतल्या बिअरला येणारा उग्र दर्प उजेडामुळे येतो. बिअरमध्ये घातल्या जाणाऱ्या हॉप्स या फुलांमधील कडू द्रव्ये प्रकाशात विघटित होऊन त्यांतून एक गंधकयुक्त संयुग तयार होते, जे अत्यल्प असले तरी नाकाला लगेच जाणवते. उन्हात ठेवलेल्या ग्लासात तर हे काही मिनिटांतच घडते. तपकिरी काच बराचसा उजेड अडवते, कॅन पूर्णच अडवतो. ओल्या पुठ्ठ्यासारखी चव मात्र मुख्यतः बाटलीत राहिलेल्या प्राणवायूमुळे येते, आणि तापलेल्या गोदामात बाटल्या आठवडेच्या आठवडे पडून राहिल्या की ती फार लवकर येते. म्हणून कंपनीला दोष देण्याआधी उत्पादनाची तारीख जरूर पाहावी.